शेतरस्ता अडवला? सहा महिने उलटू देऊ नका

सटाणा : कांदा काढून तयार, ट्रॅक्टर बांधावर उभा आणि वाटेवर शेजाऱ्याने काटेरी कुंपण घातलेले. अशा वेळी ‘बसून मिटवू’ म्हणत वर्ष निघून जाते, आणि तिथेच शेतकरी फसतो.

शेतरस्त्याचे पहिले न्यायालय तहसील कचेरीतच भरते. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याची वाट अडवली, तर तहसीलदार चौकशी करून अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात. मात्र दावा अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत लागतो. गावात बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. त्यामुळे अडवल्याची तारीख लिहून ठेवा. सातबारा, गटाचा नकाशा आणि वाट वापरणारे साक्षीदार तयार ठेवा.

मुळात रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो.

तहसीलदारांचा निकाल पटला नाही तर? कलम ५ च्या निकालावर अपील नाही, पण जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी मागता येते. कलम १४३ च्या निकालाविरुद्ध १ वर्षात दिवाणी दावा करता येतो. हक्काचा निवाडा शेवटी दिवाणी न्यायालयच करते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मदतीसाठी क्रमांक १५१००.