माटोळी बांधण्यापूर्वी तुळई तपासा

डिचोली तालुक्यातील कारापूर-सर्वण परिसरात चिऱ्यांच्या भिंतींची आणि लाकडी तुळया-वाशांवर मंगळुरी कौले पेललेली जुनी घरे आजही आढळतात. अशी काही घरे एरवी बंद असतात आणि चतुर्थीलाच गजबजतात. फळाफुलांनी जड झालेली माटोळी ज्या लाकडाला टांगायची आणि ज्याखाली सारे कुटुंब जमायचे, त्याची परीक्षा आधीच झालेली बरी.

लाकूड बुरशीने कुजते किंवा कीटकांकडून पोखरले जाते. आर्द्रता 20 टक्क्यांच्या आत असेल तर लाकूड सहसा कुजत नाही. मात्र फुटके कौल, तुंबलेली पन्हळ वा ओली भिंत यांमुळे ती वाढते आणि बुरशीला वाव मिळतो. कुजलेले लाकूड काळवंडते, चौकोनी तडे जाऊन ठिसूळ होते किंवा तंतुमय होऊन मऊ पडते.

जमिनीतील वाळवी चौथऱ्यावरून व भिंतीवरून मातीच्या नळ्या बांधत वर चढते. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणारे किंवा घरात गळून पडलेले पंख जवळपास वारूळ असल्याचे सुचवतात. सुक्या लाकडातील वाळवी नळ्या बांधत नाही. तिच्या विष्ठेचे खसखशीसारखे दाणे खाली पडतात. बारीक छिद्रे आणि पिठासारखा भुसा ही भुंगेऱ्यांची खूण होय. भुसा झाडून खाली कागद अंथरावा. काही दिवसांत तो पुन्हा पडल्यास कीड जिवंत असण्याची शक्यता अधिक.

तपासणीची साधने साधी आहेत: विजेरी, छोटी हातोडी आणि टोकदार पेचकस. ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा पेचकस सहज रुतला, तर आतले लाकूड गेलेले असते. तुळईची भिंतीत रुतलेली टोके, खांबांचे बुंधे, दारांच्या चौकटींचे तळ आणि न्हाणीघरालगतचे लाकूड प्रथम पाहावे. रंगामुळे आतली नासाडी झाकली जाते, म्हणून रंगकामापूर्वीच तपासणी करावी.

दोष आढळल्यास आधी ओलाव्याचे मूळ बंद करावे. वाळवीच्या नळ्या नुसत्या खरवडल्याने उपद्रव थांबत नाही. अस्तित्वातील इमारतींवरील वाळवी-उपचारांसाठी आयएस 6313 (भाग 3) हे भारतीय मानक आहे. रसायनांचा वापर परवानाधारक व्यावसायिकाकडूनच करून घ्यावा आणि विहीर जवळ असल्यास तशी कल्पना त्याला द्यावी. भार पेलणारी तुळई पोखरलेली असेल, तर तिला टेकू देऊन जाणत्या सुताराला किंवा अभियंत्याला दाखवावे. तोवर माटोळी तिथे बांधू नये.