हलवता येणारा दगड

१९६४ साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन यांनी एका मार्गिकेच्या विटांच्या भिंतीत कडे चढण्याच्या सरावासाठी दगडाचे तुकडे बसवले. रॉबिन्सन तिथे शारीरिक शिक्षणाचे व्याख्याते होते. त्या यॉर्कशर भागातला हिवाळा लांब आणि ओला. ओल्या खडकावर बोट टिकत नाही आणि सराव तुटला की बोटांतलं बळ ओसरतं. त्यावर रॉबिन्सन यांनी शोधलेला उपाय साध्या गवंडीकामाचा होता. आज कुणी गॅरेजमध्ये, कुणी गच्चीवर स्वस्तातले होल्ड, म्हणजे भिंतीवर बसवायच्या पकडी, घडवतं, त्या सगळ्यांचं कूळ मी या मार्गिकेपाशी नेऊन जोडतो. त्याआधी कृत्रिम कडे नव्हते असं नाही. सिॲटलच्या कॅम्प लाँगमध्ये १९३० च्या दशकाअखेरीस क्लार्क शुरमन यांच्या कल्पनेतून अख्खा दगडी सुळका उभा राहिला होता. पण तो बांधायला सरकारी रोजगार योजनेचे हात लागले. लीड्सची भिंत एका शिक्षकाच्या आवाक्यातली होती.

तिचं फळही लवकर दिसलं. विद्यापीठातला जॉन सिरेट हा विद्यार्थी या भिंतीवर तयार झाला आणि १९७० साली त्याने ऑल्मस्क्लिफ या कड्यावरचा ‘वॉल ऑफ हॉरर्स’ हा त्या काळी भल्याभल्यांना धडकी भरवणारा मार्ग चढून दाखवला.

अडचण एकच होती, दगड कायमचा. भिंत एकदा पाठ झाली की हा दगड धरायचा नाही, त्यावर पाय ठेवायचा नाही, असे नियम घालूनच नवा मार्ग काढावा लागे. १९८७ मध्ये सिॲटलला अमेरिकेतली पहिली व्यावसायिक क्लायम्बिंग जिम सुरू झाली, तिथेही दगड भिंतीला चिकटवलेलेच होते.

कोंडी फुटली ती बोल्टामुळे. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये फ्रांस्वा साविन्यी यांनी रेझिन आणि वाळूचे, भिंतीवर बोल्टाने आवळायचे होल्ड बनवले आणि त्यातून ‘आंत्र-प्रीज’ ही कंपनी उभी राहिली. १९८६ साली लिऑंजवळच्या वो-आं-व्हलॅं इथे कृत्रिम भिंतीवर स्पर्धा झाली. स्पर्धेला कुणीही आधी न चढलेला मार्ग लागतो, आणि तो रातोरात रचायचा तर होल्ड सोडवून दुसरीकडे लावता आलाच पाहिजे. कड्यावर हलणारा दगड म्हणजे जिवाशी गाठ. भिंतीवर हलवता येणाऱ्या दगडाने हा खेळ घडवला. लोक होल्डच्या रंगाचं, आकाराचं कौतुक करतात. मला त्याच्या पोटातलं भोक सगळ्यात मोलाचं वाटतं.

कारण त्या भोकाने घरच्या कारागिराचा मार्ग मोकळा केला. जाड प्लायवूडला ओळीने भोकं पाडायची, मागून टी-नट, म्हणजे दात्यांचे नट, ठोकायचे, की पुढून बोल्टाने काहीही आवळता येतं. सगळ्यात सोपं लाकूड. सुताराकडचे उरलेले टणक तुकडे घ्यावेत, लाकडाची रेषा पकडीच्या लांबीबरोबर ठेवावी, कडा कानशीने गोल कराव्यात. रेषा पकडीला काटकोनात गेली, तर धरायची कड रेषेवरून चिरते. बोल्टाचं डोकं बसायला सपाट तळाची खाच हवी आणि खाली वॉशर हवाच, नाहीतर आवळताना लाकूड दबत जातं. व्हार्निश मुळीच लावू नये, बोट घसरतं. लाकूड कातडीला मऊ लागतं, म्हणून तासन्‌तास सराव करता येतो. व्होल्फगांग ग्युलिश या जर्मन चढाईपटूने १९८८ साली न्युरेम्बर्गच्या एका जिममध्ये बोटांच्या ताकदीसाठी फळी बांधली, तिच्यावरही लाकडाच्या पट्ट्याच होत्या. ‘कॅम्पस बोर्ड’ म्हणून ती जगभर गेली. १९९१ मध्ये त्याने चढलेल्या ‘अक्सिऑन डिरेक्ट’ या कठीण मार्गाच्या तयारीत या पट्ट्यांचा मोठा वाटा होता.

नदीतल्या गोट्याला पाण्याची धार सोडत भोक पाडूनही होल्ड होतो, पण बारीक तडा असला तर बोल्ट आवळताना गोटा दुभंगतो. पॉलिस्टर रेझिनचं काम जास्त जपून करायचं. न वाळणाऱ्या मातीत हवा तो आकार दाबून साचा करतात, रेझिनमध्ये कोरडी बारीक वाळू कालवून ओततात. वाळूने खर्च उतरतो, रेझिन घट्ट होताना निघणारी उष्णता आटोक्यात राहते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. रेझिनची वाफ मात्र घातक. हे काम उघड्यावरच, मास्क आणि हातमोजे घालून करावं. हा माल ठिसूळ असतो, कोपऱ्यांचे टवके उडतात. म्हणून पुढे कंपन्या पॉलियुरेथेनकडे वळल्या.

आपल्याकडे २०१६ साली गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेच्या पुढाकाराने नवी मुंबईत बोल्डरिंगच्या, म्हणजे दोराशिवाय बुटक्या भिंती चढण्याच्या, विश्वचषक मालिकेतली एक स्पर्धा झाली, त्या भिंतींवरचे होल्डही बोल्टावरच बसवलेले होते. पण एकाच बोल्टावरचा होल्ड जोर पडला की फिरतो. म्हणून घरी बनवताना कडेला एक छोटं भोक आणखी पाडावं आणि होल्ड बसवल्यावर त्यातून लाकडात बसणारा एक स्क्रू प्लायवूडमध्ये पिळावा.