ईरीच्या गाळातलं बिऱ्हाड

जून सरत आला की ईरी सरोवराच्या पश्चिम काठावरच्या गावांत लोक अंगणातले दिवे मालवतात. पोर्ट क्लिंटनसारख्या ओहायोतल्या गावात सकाळी दिव्याच्या खांबाखाली मेफ्लाय नावाच्या किड्यांचा एवढा खच पडलेला असतो की फावड्यानेच ओढावा लागतो. रस्त्यावर थर साचला की गाड्या घसरतात, आणि सडलेल्या मासळीसारखा वास काही केल्या जात नाही. थवे इतके दाट, की हवामान खात्याच्या रडारवर ते पावसाच्या ढगासारखे उमटतात.

पंख फुटल्यावर या किड्याला जेमतेम एक-दोन दिवस मिळतात. तोंड असून नसल्यासारखं, त्यामुळे खाणंपिणं नाहीच. जोडी जमवायची, पाण्यात अंडी सोडायची, संपलं. त्याचा खरा संसार असतो तो तळाशी. हेक्साजेनिया प्रजातीतल्या या मेफ्लायची पिल्लं वर्ष-दोन वर्षं मऊ गाळात, यू अक्षरासारख्या बिळात काढतात. पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले असतात. ते हलवत राहून पिल्लू बिळात पाणी खेळतं ठेवतं आणि त्यातलाच प्राणवायू घेतं. तळाचा प्राणवायू सरला तर त्याला पळायला जागा नाही. याच अडचणीमुळे ते सरोवराच्या तब्येतीचं माप ठरलं.

पाण्यातल्या जिवांवरून पाणी ओळखायची रीत जर्मनीत रुजली. कोल्कवित्झ आणि मार्सन यांनी १९०८ मध्ये वनस्पतींची आणि १९०९ मध्ये प्राण्यांची यादी मांडली: कुठला जीव किती घाण सोसतो, याची. बाटलीत भरलेलं पाणी त्या घडीपुरतं बोलतं. गेल्या उन्हाळ्यात एखाद्या रात्री तळाशी काय झालं, हे तिथे मुक्कामाला असलेल्या जिवालाच विचारावं लागतं.

ईरीत ती रात्र १९५३ मध्ये आली. पश्चिमेचा भाग उथळ, सरासरी सात मीटरांच्या आसपास. एरवी वारा वरचं-खालचं पाणी घुसळून काढतो. त्या वर्षी उन्हाळा संपताना हवा तापली आणि वारा पडला. गरम पाणी वर तरंगत राहिलं, तळाचं पाणी कोंडलं, आणि कुजणाऱ्या शेवाळाने त्यातला प्राणवायू संपवला. सप्टेंबरच्या सुरुवातीला एन. विल्सन ब्रिट या अभ्यासकाने बेटांजवळचा गाळ वर काढला, तर त्यात मेलेली पिल्लं होती.

पुढे काही काळ ती सावरतील असं वाटलं, पण तसं झालं नाही. १९३० मध्ये चौरस मीटरला सुमारे ४०० पिल्लं सापडत. १९६१ च्या पाहणीत सरासरी एकही भरेना. त्याच गाळात घाण सोसणारे गांडूळवर्गी कृमी मात्र नऊपट झाले होते. काठावर फावडी मारायचा त्रास वाचला, आणि पर्चसारख्या माशांच्या तोंडचा घास गेला.

शेवाळ माजवत होता फॉस्फरस: सांडपाण्यातला, धुण्याच्या पावडरीतला, शेतातून वाहून आलेला. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि कॅनडाचे पंतप्रधान ट्रूडो यांनी ओटावात पाण्याच्या दर्जाच्या करारावर सह्या केल्या. पुढे ईरीत वर्षाला ११,००० टनांहून जास्त फॉस्फरस येऊ नये असं ठरलं. पावडरींवर निर्बंध आले, सांडपाण्याची केंद्रं सुधारली. पाण्याचे आकडे बदलू लागले, तरी गाळ बरीच वर्षं रिकामाच राहिला. हा काळ या इतिहासातला सगळ्यात शिकण्याजोगा वाटतो. कागदावर सुधारलेल्या सरोवरात राहायला यायला मेफ्लायने १९९० चं दशक उजाडू दिलं. तेव्हा काठावर पुन्हा खच पडू लागला आणि तळातल्या पिल्लांची मोजदाद सरोवर किती सावरलं याची खूण मानली जाऊ लागली.

हे श्रेय नुसत्या कराराचं म्हणता येत नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या परक्या झेब्रा शिंपल्यांनीही पाणी गाळून काढलं होतं.

पण घरवापसी टिकाऊ ठरली नाही. शेतीतला फॉस्फरस येतच राहिला. ऑगस्ट २०१४ मध्ये विषारी शेवाळामुळे टोलेडोतल्या लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. रडारच्या नोंदींवरून २०१२ ते २०१९ या काळात मेफ्लाय निम्म्याहून कमी झाल्याचं दिसलं.

ईरीला मिळणाऱ्या मॉमी नदीच्या परिसरात एकेकाळी ग्रेट ब्लॅक स्वॅम्प ही अफाट दलदल होती. १९ व्या शतकात शेतीसाठी तिच्यात चर काढून ती जवळपास पूर्ण सुकवली गेली. २०१९ पासून ओहायो राज्य एच-टू-ओहायो योजनेतून पाणथळ जागा पुन्हा उभ्या करत आहे, शेतातला फॉस्फरस सरोवरात पोचण्याआधी अडवायला. त्याचा ईरीला किती गुण आला हे पाहायचं, तर बोटीतून लोखंडी जबडा खाली सोडायचा, गाळ वर आला की चाळणीत धुवायचा, आणि जाळीवर वळवळणारी पिवळसर पिल्लं एकेक करून मोजायची.