मेक्सिकोचा किनारा आणि परक्यांची घरे

कॅनकुनच्या किनाऱ्यावर फ्लॅट घेणाऱ्या परदेशी माणसाला घरपट्टी आणि वादळविम्याखेरीज दरवर्षी बँकेचे विश्वस्त शुल्कही भरावे लागते. अनेकांना ते निरर्थक वाटते. पण त्याचे मूळ मेक्सिकोच्या जखमांत आहे. अमेरिकेतून आलेल्या वसाहतकऱ्यांनी भरलेले टेक्सास १८३६ मध्ये फुटले आणि १८४८ च्या तहाने आणखी प्रचंड प्रदेश अमेरिकेकडे गेला. हा अनुभव जमेस धरूनच १९१७ च्या राज्यघटनेने किनाऱ्यापासून ५० आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परकीयांना जमिनीची थेट मालकी नाकारली. पुढे पर्यटनासाठी भांडवल हवे झाले, तेव्हा १९७० च्या दशकात मधली वाट निघाली: कागदोपत्री मालकी बँकेची, उपभोग परकीयाचा. आधी ३० वर्षांची असलेली मुदत १९९३ च्या कायद्याने ५० वर्षांची झाली आणि तिचे नूतनीकरणही करता येते.

आक्षेप असा, की परकीय घर घेतात, राहतात, विकतात. मग ही बंदी नावापुरतीच, फायदा फक्त बँकांचा. यात तथ्य आहे. २०१३ मध्ये कनिष्ठ सभागृहाने घरांपुरती ही अट काढण्यास मान्यता दिली होती. सिनेटमध्ये मात्र ती दुरुस्ती अडली. तरीही विश्वस्त करारामुळे प्रत्येक व्यवहार मेक्सिकन कायद्याच्या चौकटीत, सरकारी परवानगीने होतो. भरतीरेषेलगतची २० मीटर जमीन तर संघराज्याचीच राहते. तिच्या वापरासाठी परवाना आणि वेगळे शुल्क लागते. किनारा सार्वजनिक ठेवायचा, तर ही किंमत न्याय्यच आहे. सुधारायला हवे ते एवढेच, की या पैशाचा मोठा वाटा बँकांऐवजी किनाऱ्यावरच्या गावांना मिळावा.