न्यू ट्रायर हायस्कूलचे उल्लेखनीय माजी विद्यार्थी

न्यू ट्रायर टाउनशिप हायस्कूल हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शिकागो शहराच्या उत्तर उपनगरांत असलेले सार्वजनिक माध्यमिक विद्यालय आहे. सन १९०१ मध्ये स्थापन झालेल्या या शाळेतून पुढे राजकारण, चित्रपट, साहित्य, संगीत, पत्रकारिता आणि विज्ञान या क्षेत्रांत नाव मिळविलेल्या अनेक व्यक्ती शिकून गेल्या. त्यांत नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ जॅक स्टाइनबर्गर, माजी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड, शिकागोचे माजी महापौर राम इमॅन्युएल, अभिनेते चार्ल्टन हेस्टन व रॉक हडसन, अभिनेत्री अ‍ॅन-मार्गरेट आणि कादंबरीकार स्कॉट ट्युरो यांचा समावेश होतो. प्रस्तुत लेखात शाळेतून उत्तीर्ण झालेल्या, तसेच तेथे काही काळ शिकलेल्या व्यक्तींची क्षेत्रवार माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

भारतात 'पब्लिक स्कूल' या नावाने चालणाऱ्या शाळा बहुधा खासगी असतात. अमेरिकेत मात्र 'पब्लिक हायस्कूल' म्हणजे करांच्या उत्पन्नावर चालणारी, विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क न घेणारी शाळा होय. अशा शाळेत प्रवेश मिळण्याचा मुख्य निकष निवासाचा असतो. शाळेच्या हद्दीत राहणाऱ्या कुटुंबाच्या मुलांना तेथे प्रवेशाचा हक्क असतो आणि हद्दीबाहेरच्या मुलांना सामान्यतः तो नसतो.

न्यू ट्रायर टाउनशिपमध्ये मिशिगन सरोवराच्या काठावरील विनेट्का, विल्मेट, केनिलवर्थ व ग्लेन्को ही गावे आणि नॉर्थफील्ड व आसपासचा काही भाग येतो. 'नॉर्थ शोअर' या नावाने ओळखला जाणारा हा पट्टा देशातील सधन उपनगरांपैकी एक मानला जातो. येथे वस्ती करणारे आरंभीचे अनेक रहिवासी जर्मनीतील ट्रिअर शहराच्या परिसरातून आले होते. त्यावरून टाउनशिपला आणि पुढे शाळेला हे नाव मिळाले.

विद्यार्थिसंख्या वाढल्यामुळे सन १९६५ मध्ये नॉर्थफील्ड येथे दुसरी शाळा सुरू करण्यात आली. तेव्हापासून विनेट्का येथील मूळ शाळा 'न्यू ट्रायर ईस्ट' आणि नवी शाळा 'न्यू ट्रायर वेस्ट' या नावाने ओळखली जाऊ लागली. विद्यार्थिसंख्या घटल्यावर १९८०च्या दशकात दोन्ही शाळांचे एकत्रीकरण होऊन वेस्टची इमारत बंद झाली. सन २००१ पासून ही इमारत नववीच्या विद्यार्थ्यांसाठी पुन्हा वापरात आली. या इतिहासामुळे माजी विद्यार्थ्यांच्या चरित्रांत न्यू ट्रायर, न्यू ट्रायर ईस्ट व न्यू ट्रायर वेस्ट अशी तीन नावे आढळतात. ती तिन्ही एकाच शालेय जिल्ह्याची आहेत.

विज्ञान

जॅक स्टाइनबर्गर (१९२१–२०२०) यांचा जन्म जर्मनीतील बाट किसिंगन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. नाझी सत्तेवर आल्यानंतर अमेरिकेतील ज्यू धर्मादाय संस्थांनी सुमारे ३०० जर्मन निर्वासित मुलांना आश्रय देण्याची तयारी दर्शविली. त्या योजनेतून सन १९३४ मध्ये तेरा वर्षांचे स्टाइनबर्गर आपल्या थोरल्या भावासह अमेरिकेत आले. शिकागो धान्यबाजारातील व्यापारी बार्नेट फॅरोल यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्यामुळे त्यांना न्यू ट्रायर हायस्कूलमध्ये शिकता आले. पुढे फॅरोल यांच्याच साहाय्याने सन १९३८ मध्ये त्यांचे आईवडील व धाकटा भाऊ अमेरिकेत पोहोचले.

शालेय शिक्षणानंतर स्टाइनबर्गर यांनी दोन वर्षे आर्मर इन्स्टिट्यूटमध्ये रासायनिक अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि सन १९४२ मध्ये शिकागो विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतली. त्याच विद्यापीठात त्यांनी पुढे एन्रिको फर्मी यांच्या मार्गदर्शनाखाली भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. सन १९६२ मध्ये लिऑन लेडरमन व मेल्विन श्वार्ट्झ यांच्यासह ब्रुकहेवन प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगात त्यांनी न्यूट्रिनो कण एकाहून अधिक प्रकारचे असतात हे दाखवून दिले. या कार्यासाठी तिघांना सन १९८८चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. स्टाइनबर्गर यांनी आपले नोबेल पदक न्यू ट्रायर हायस्कूलला भेट दिले.

राजकारण व प्रशासन

डोनाल्ड रम्सफेल्ड (१९३२–२०२१) हे सन १९५०च्या तुकडीचे विद्यार्थी होते. शाळेत व पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात ते कुस्तीपटू म्हणून ओळखले जात. त्यांच्या पत्नी जॉइस याही याच शाळेच्या विद्यार्थिनी होत्या. सन १९६३ ते १९६९ या काळात रम्सफेल्ड यांनी प्रतिनिधीगृहात नॉर्थ शोअर भागाचे प्रतिनिधित्व केले. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या मंत्रिमंडळात सन १९७५ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले, तेव्हा त्यांचे वय ४३ होते. हे पद भूषविणारे ते सर्वांत तरुण व्यक्ती ठरले. सन २००१ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कारकिर्दीत त्यांनी हेच पद दुसऱ्यांदा स्वीकारले. अफगाणिस्तान व इराकमधील युद्धे त्यांच्या कार्यकाळात सुरू झाली. इराक युद्धाची हाताळणी आणि अबू घ्रैब तुरुंगातील कैद्यांचा छळ यांवरून त्यांच्यावर तीव्र टीका झाली. नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांच्या राजीनाम्याची घोषणा झाली.

राम इमॅन्युएल (जन्म १९५९) यांनी सन १९७७ मध्ये न्यू ट्रायर वेस्ट येथून शिक्षण पूर्ण केले. ते प्रतिनिधीगृहाचे सदस्य (२००३–२००९), राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे चीफ ऑफ स्टाफ (२००९–२०१०), शिकागोचे महापौर (२०११–२०१९) आणि जपानमधील अमेरिकेचे राजदूत (२०२२–२०२५) होते. त्यांचे थोरले बंधू इझिकिएल हे कर्करोगतज्ज्ञ व जैवनीतिशास्त्राचे अभ्यासक असून धाकटे बंधू अ‍ॅरी हे हॉलिवूडमधील आघाडीचे कलावंत-प्रतिनिधी आहेत. तिघेही न्यू ट्रायरचे माजी विद्यार्थी होत.

मार्क कर्क (जन्म १९५९) हे सन १९७७ मध्येच, परंतु न्यू ट्रायर ईस्ट येथून उत्तीर्ण झाले. रिपब्लिकन पक्षाचे कर्क सन २००१ पासून प्रतिनिधीगृहाचे सदस्य होते. ओबामा राष्ट्राध्यक्ष झाल्याने रिकाम्या झालेल्या इलिनॉयच्या सेनेट जागेवर ते सन २०१०च्या निवडणुकीत विजयी झाले. अशा रीतीने एकाच वर्षी एकाच शालेय जिल्ह्यातून बाहेर पडलेल्या दोघांपैकी एक ओबामांचा प्रमुख सहकारी झाला, तर दुसरा विरोधी पक्षाकडून त्यांच्याच पूर्वीच्या जागेवर निवडून आला. जानेवारी २०१२ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यानंतर सुमारे वर्षभराने कर्क सेनेटमध्ये परतले. सन २०१६च्या निवडणुकीत टॅमी डकवर्थ यांनी त्यांचा पराभव केला.

चित्रपट, रंगभूमी व दूरचित्रवाणी

चार्ल्टन हेस्टन (१९२३–२००८) यांचे मूळ नाव जॉन चार्ल्स कार्टर असे होते. न्यू ट्रायरमध्ये शिकत असताना त्यांनी नाटकांत कामे केली. विनेट्का येथील हौशी नाट्यसंस्थेच्या शिष्यवृत्तीवर ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेले. 'बेन-हर' (१९५९) या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. सन १९६३ मध्ये वॉशिंग्टन येथील नागरी हक्क मोर्चात ते सहभागी झाले होते. उत्तरायुष्यात ते पुराणमतवादी विचारांकडे वळले आणि सन १९९८ ते २००३ या काळात नॅशनल रायफल असोसिएशनचे अध्यक्ष होते.

रॉक हडसन (१९२५–१९८५) यांचा जन्म विनेट्का येथेच झाला. त्यांचे जन्मनाव रॉय शेरर होते. १९५० व १९६०च्या दशकांत ते हॉलिवूडमधील सर्वाधिक लोकप्रिय नायकांपैकी एक होते. 'जायंट' (१९५६) या चित्रपटातील भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर नामांकन मिळाले. जुलै १९८५ मध्ये त्यांना एड्स झाल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले. इतक्या प्रसिद्ध व्यक्तीच्या आजाराच्या जाहीर उल्लेखामुळे अमेरिकेत या रोगाविषयीच्या सार्वजनिक चर्चेला वेगळे वळण लागले.

अ‍ॅन-मार्गरेट (जन्म १९४१) या मूळच्या स्वीडनच्या असून लहानपणी कुटुंबासह अमेरिकेत स्थायिक झाल्या. सन १९५९ मध्ये न्यू ट्रायरमधून उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी गायिका व अभिनेत्री म्हणून कारकीर्द सुरू केली. 'बाय बाय बर्डी' (१९६३) व 'व्हिवा लास व्हेगास' (१९६४) हे त्यांचे आरंभीचे गाजलेले चित्रपट होत. 'कार्नल नॉलेज' (१९७१) आणि 'टॉमी' (१९७५) या चित्रपटांसाठी त्यांना ऑस्कर नामांकने मिळाली.

या क्षेत्रातील अन्य माजी विद्यार्थी पुढीलप्रमाणे आहेत:

- राल्फ बेलॅमी (१९०४–१९९१) – अभिनेते. 'सनराइज अ‍ॅट कँपोबेलो' या नाटकात फ्रँकलिन रूझवेल्ट यांची भूमिका करून त्यांनी सन १९५८ मध्ये टोनी पारितोषिक मिळविले. सन १९८७ मध्ये त्यांना मानद ऑस्कर देण्यात आले.
- ह्यू ओब्रायन (१९२५–२०१६) – 'वायट अर्प' या दूरचित्रवाणी मालिकेचे नायक. शालेय विद्यार्थ्यांसाठी नेतृत्व प्रशिक्षण देणारी संस्था त्यांनी सन १९५८ मध्ये स्थापन केली.
- ब्रूस डर्न (जन्म १९३६) – अभिनेते. 'नेब्रास्का' (२०१३) या चित्रपटासाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान.
- एडवर्ड झ्विक (जन्म १९५२) – 'ग्लोरी' (१९८९) व 'द लास्ट सामुराई' (२००३) या चित्रपटांचे दिग्दर्शक. 'शेक्सपियर इन लव्ह'च्या निर्मात्यांपैकी एक या नात्याने ऑस्कर विजेते.
- व्हर्जिनिया मॅडसन (जन्म १९६१) – अभिनेत्री. 'साइडवेज' (२००४) या चित्रपटासाठी ऑस्कर नामांकन.
- अ‍ॅडम बाल्डविन (जन्म १९६२) – अभिनेते. 'फुल मेटल जॅकेट' (१९८७) या चित्रपटातील व 'फायरफ्लाय' या मालिकेतील भूमिकांसाठी परिचित.
- रेन विल्सन (जन्म १९६६) – 'द ऑफिस' या मालिकेच्या अमेरिकी आवृत्तीतील ड्वाइट श्रूट या भूमिकेसाठी प्रसिद्ध.

शाळेची इमारतही चित्रपटसृष्टीच्या उपयोगी पडली. 'होम अलोन' (१९९०) या चित्रपटातील घराच्या अंतर्भागाचे काही देखावे त्या वेळी बंद असलेल्या न्यू ट्रायर वेस्टच्या व्यायामशाळेत उभारण्यात आले होते. तळघरात पाणी साचल्याचे दृश्य तेथील जलतरण तलावात चित्रित झाले.

साहित्य व पत्रकारिता

स्कॉट ट्युरो (जन्म १९४९) हे व्यवसायाने वकील असून न्यायालयीन कादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. हार्वर्ड येथील कायद्याच्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षावर आधारित 'वन एल' (१९७७) हे त्यांचे आरंभीचे पुस्तक होय. 'प्रिझ्युम्ड इनोसंट' (१९८७) या कादंबरीने त्यांना मोठी कीर्ती मिळवून दिली आणि सन १९९० मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. इलिनॉयमध्ये निर्दोष व्यक्तींना मृत्युदंड ठोठावला गेल्याचे उघडकीस आल्यानंतर सन २००० मध्ये नेमलेल्या राज्य आयोगाचे ते सदस्य होते. हा अनुभव त्यांनी 'अल्टिमेट पनिशमेंट' (२००३) या पुस्तकात मांडला. राज्याने सन २०११ मध्ये मृत्युदंड रद्द केला.

अ‍ॅन कॉम्प्टन यांची एबीसी वृत्तवाहिनीने सन १९७४ मध्ये व्हाइट हाउसच्या वार्तांकनासाठी नियुक्ती केली. ११ सप्टेंबर २००१ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या विमानातून प्रवास करणाऱ्या मोजक्या पत्रकारांत त्यांचा समावेश होता. दूरचित्रवाणी पत्रकार जॉन स्टॉसल हेही न्यू ट्रायरचे माजी विद्यार्थी आहेत. प्रकाशन व्यवसायात क्रिस्टी हेफ्नर यांनी सन १९८८ ते २००९ या काळात प्लेबॉय कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारीपद सांभाळले.

संगीत

लिझ फेअर (जन्म १९६७) या गायिका व गीतकार विनेट्का येथे वाढल्या. त्यांचा 'एक्झाइल इन गायव्हिल' (१९९३) हा पहिला अल्बम १९९०च्या दशकातील स्वतंत्र रॉक संगीतातील महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांत गणला जातो. गिटारवादक माइक ब्लूमफील्ड (१९४३–१९८१) हे काही काळ न्यू ट्रायरमध्ये होते, परंतु त्यांचे शालेय शिक्षण येथे पूर्ण झाले नाही. शिकागोच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय ब्लूज वादकांकडून त्यांनी ही शैली आत्मसात केली. बॉब डिलन यांच्या 'हायवे ६१ रीव्हिजिटेड' (१९६५) या अल्बममध्ये आणि पॉल बटरफील्ड ब्लूज बँडमध्ये त्यांनी वादन केले.

माजी विद्यार्थ्यांची कीर्ती आणि शालेय विषमतेचा प्रश्न

न्यू ट्रायरच्या माजी विद्यार्थ्यांची यादी शाळेच्या गुणवत्तेचा पुरावा म्हणून नेहमी पुढे केली जाते. मात्र शिक्षणविषयक लेखनात हीच शाळा विषमतेचे उदाहरण म्हणूनही वारंवार येते. इलिनॉयमध्ये शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. ज्या भागात घरांच्या किमती अधिक, तेथील शाळांना अधिक निधी मिळतो, आणि त्या भागात घर घेणे ज्यांना परवडते त्यांचीच मुले तेथे शिकू शकतात. त्यामुळे शाळा विनाशुल्क असली तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याचा खर्च घराच्या किमतीत दडलेला असतो.

निवासाच्या या प्रश्नाला वंशभेदाचीही बाजू होती. २५ जुलै १९६५ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी विनेट्काच्या सार्वजनिक हिरवळीवर हजारो श्रोत्यांसमोर भाषण केले. नॉर्थ शोअर भागात कृष्णवर्णीयांना घरे मिळावीत यासाठी त्या उन्हाळ्यात चाललेल्या मोहिमेचा तो भाग होता. जॉनथन कोझोल यांनी 'सॅव्हेज इनइक्वॅलिटीज' (१९९१) या पुस्तकात न्यू ट्रायरमधील सोयीसुविधांची तुलना शिकागो शहरातील गरीब वस्त्यांमधल्या शाळांशी केली.

२ सप्टेंबर २००८ रोजी, शालेय वर्षाच्या पहिल्या दिवशी, राज्य सेनेटचे सदस्य जेम्स मीक्स यांच्या नेतृत्वाखाली शिकागोतील एक हजारांहून अधिक विद्यार्थी आपल्या शाळांवर बहिष्कार टाकून बसगाड्यांनी न्यू ट्रायरला आले. त्यांनी प्रवेशअर्ज भरले; परंतु ते हद्दीबाहेरचे रहिवासी असल्याने त्यांना प्रवेश मिळू शकला नाही. राज्याच्या निधीवाटप पद्धतीकडे लक्ष वेधणे हा या आंदोलनाचा हेतू होता. इलिनॉयने सन २०१७ मध्ये नवे निधीसूत्र स्वीकारले. त्यानुसार राज्याकडून मिळणाऱ्या वाढीव निधीत गरजू शालेय जिल्ह्यांना प्राधान्य देण्यात येते. मालमत्ता करावरील अवलंबन मात्र कायम आहे.

या संदर्भात स्टाइनबर्गर यांचे उदाहरण लक्षणीय ठरते. या यादीतील एकमेव नोबेल विजेते टाउनशिपमधील मालमत्ताधारक कुटुंबात जन्मलेले नव्हते. एका रहिवाशाने निर्वासित मुलाला घरात घेतले, म्हणून त्यांना या शाळेचे दार उघडले.

हेही पाहा

- अमेरिकेतील माध्यमिक शिक्षण
- विनेट्का, इलिनॉय
- शिकागो
- जॅक स्टाइनबर्गर