खोकला एक, आजार दोन

या मालिकेत आपण आजवर किल्ले, तह, तोफा आणि रसद यांच्यावरच बोललो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील की कर्नलसाहेब आता खरोखरच निवृत्त झाले. आज बोलायचंय ते कुत्र्याच्या पिल्लाच्या खोकल्यावर. पण या खोकल्यालाही इतिहास आहे, आणि त्यात एडवर्ड जेन्नर आहे, पुणं आहे, आणि वीस वर्षं चाललेली एक मोठी चूक आहे.

माझी मुलगी हावड्याला शिबपूरमध्ये राहते. जानेवारीत मी नागपूरहून गीतांजलीने तिच्याकडे गेलो, तर दारात नात उभी आणि तिच्या हातात पांढऱ्या लोकरीचा गोळा. नऊ आठवड्यांचं पिल्लू. विकणाऱ्याने ‘पामेरियन’ म्हणून दिलेलं. आपल्याकडे पामेरियन म्हणून विकली जाणारी बहुतेक कुत्री ही इंडियन स्पिट्झ असतात, तशीच ही. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवत असेल, त्याच जातीची. नाव ठेवलं होतं मुडी. बंगालीत मुडी म्हणजे आपले चुरमुरे.

त्याच रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. घशात काटा अडकावा तसा कोरडा, ठसकेबाज खोकला, एकामागून एक, आणि शेवटी ओकारी आल्यासारखं करून थोडा पांढरा फेस. नात माझ्या दाराशी आली. “आबा, मुडीच्या घशात काहीतरी अडकलंय.” मी बोट घालून पाहिलं. काही नव्हतं.

सकाळी शेजारच्या माशीमा आल्या आणि बघताक्षणी निदान करून मोकळ्या झाल्या, “ठांडा लेगे गेछे.” सर्दी झाली. हावड्याची थंडी म्हणजे ओतशाळांचा धूर आणि गंगेचं धुकं यांचं मिश्रण, त्यामुळे त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. त्यांनी बाशोक पाता, म्हणजे आपला अडुळसा, उकळून पाजायला सांगितला. मुलगी म्हणाली, घरात मुलांचं कफ सिरप आहे, दोन थेंब देऊया का? मी दोन्हींना नाही म्हटलं, आणि जरा जोरातच म्हटलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

त्याचं कारण मिरजेत आहे. मी तिसरीत असताना आमच्याकडे मोत्या नावाचं पिल्लू होतं. त्यालाही असाच खोकला झाला. मग डोळ्यांतून चिकट पाणी, नाकातून शेंबूड, ताप. आईने हळद-गूळ दिला. पंधरा दिवसांनी तो बरा वाटायला लागला, भाकरी खायला लागला. आणि त्यानंतर एके दिवशी त्याचा जबडा आपोआप हलायला लागला, काहीतरी चघळतोय असा. मग झटके. वडिलांनी मला शाळेत पाठवलं आणि मी परत आलो तेव्हा मोत्या नव्हता. त्याला डिस्टेंपर झाला होता हे मला लष्करात गेल्यावर कळलं. उत्तरेत एका ठाण्यावर आमच्याबरोबर श्वानपथक होतं. मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात शिकलेला एक हवालदार मला म्हणाला होता, “साब, खाँसी दो किसम की होती है. पहले दिन दोनों एक जैसी.”

हे ‘पहिल्या दिवशी दोन्ही सारखे’ प्रकरण शास्त्रज्ञांनाही फार महाग पडलं.

डिस्टेंपर युरोपात अठराव्या शतकाच्या मध्यानंतर पसरला. देवीच्या लसीमुळे आपल्याला माहीत असलेल्या जेन्नरने १८०९ मध्ये त्याचं नीट वर्णन लिहून ठेवलं: खोकला, डोळ्यांतला चिकटा, अशक्तपणा, झटके. शिकारी कुत्र्यांचे मोठमोठे कळप बाळगणारे सरदार त्याच्या आसपास होते, त्यामुळे निरीक्षणाला तोटा नव्हता. त्याने देवीचीच लस कुत्र्यांना टोचून पाहिली. अर्थात उपयोग झाला नाही, दोन्ही रोगांचा काही संबंधच नव्हता.

आपल्याकडे त्या काळात कुत्र्याचा खोकला हा कुणाच्या चिंतेचा विषय नव्हता. कलकत्त्यात १८६१ साली कोल्सवर्दी ग्रँट या चित्रकाराने प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध संस्था काढली, पण तिच्यासमोर होते गाड्यांना जुंपलेले बैल आणि घोडे. मुंबईत परळला १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघालं, कलकत्त्याला बेलगाछियात १८९३ मध्ये. तिथेही भर घोड्यावर आणि गुराढोरांवर. सरकारला घोडदळ हवं होतं आणि शेतकऱ्याला बैल. साहेबाचा स्पॅनियल आजारी पडला तर त्याची काळजी डोरिया घेई. कुत्री सांभाळणाऱ्या नोकराला तेव्हा डोरिया म्हणत.

आता चुकीकडे येऊ. १९०५ मध्ये फ्रान्सच्या आंरी कारे याने दाखवलं की डिस्टेंपर झालेल्या कुत्र्याच्या नाकातला स्राव अतिशय बारीक गाळणीतून गाळला, सगळे जंतू मागे राहिले, तरी उरलेलं पाणी दुसऱ्या कुत्र्याला आजारी पाडतं. म्हणजे हे जंतूपेक्षाही लहान काहीतरी आहे. आज आपण त्याला विषाणू म्हणतो. पण कारेवर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही, कारण १९१० च्या सुमारास अमेरिकेत फेरी आणि एडिंबरात मॅकगोवन यांना खोकणाऱ्या कुत्र्यांच्या श्वासनलिकेत एक जंतू सापडला. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा, बशीत वाढणारा. तो निरोगी कुत्र्याला दिला की कुत्रा खोकायचा. झालं, आरोपी हातात आला! त्याच्यापासून लसी बनवून त्या डिस्टेंपरवरच्या लसी म्हणून विकल्याही गेल्या. लोकांनी टोचून घेतल्या आणि कुत्री मरतच राहिली.

तो जंतू निर्दोष नव्हता. आज त्याला बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका म्हणतात, आणि माणसाच्या डांग्या खोकल्याच्या जंतूचा तो सख्खा भाऊ आहे. तो खोकला आणतो हे खरंच. पण तो बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरा होणारा खोकला, ज्याला आज ‘केनेल कफ’ म्हणतात. एका साध्या चोराला खुनाच्या आरोपाखाली पकडलं होतं आणि खुनी मोकळा फिरत होता.

गफलत कशी झाली? प्रयोगासाठी आणलेली कुत्री कुठून तरी विकत घेतलेली असत. कुणी आधीच आजारी, कुणी आजार होऊन गेलेलं, सगळी एकाच आवारात. कोणत्या कुत्र्याला काय कशामुळे झालं, हे सांगणंच अशक्य होतं.

हा गुंता सोडवायला पैसे दिले ते कुत्रे पाळणाऱ्यांनी. इंग्लंडच्या ‘द फील्ड’ या शिकारी साप्ताहिकाने वाचकांकडून निधी गोळा केला आणि त्यातून लंडनजवळ मिल हिल इथे पॅट्रिक लेडलॉ आणि जॉर्ज डंकिन यांनी काम सुरू केलं. त्यांनी पहिली गोष्ट केली ती कुंपणाची. बाहेरच्या कुत्र्यांशी संबंध न आलेली पिल्लं तिथेच जन्माला घालून वाढवली. आत जाणारा प्रत्येक माणूस अंघोळ करून, कपडे बदलून जाई. शिवाय त्यांनी फेरेट नावाचा मुंगसासारखा दिसणारा लहान प्राणी वापरला, कारण त्यालाही डिस्टेंपर होतो हे शिकारी लोकांना माहीत होतं. १९२६ मध्ये निकाल लागला: कारे बरोबर होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत खरी लसही तयार झाली. याच फेरेटांनी १९३३ मध्ये आणखी एक उपकार केला. माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा सापडला तो त्यांच्या मदतीने, आणि ते काम करणाऱ्या तिघांत लेडलॉ होता.

कुंपणाची ही गोष्ट आपल्या मातीतही घडली होती, आणि त्याच्या कितीतरी आधी. डिस्टेंपरचा विषाणू, माणसाचा गोवर आणि गुरांची बुळकांडी हे तिघे एकाच घराण्यातले. बुळकांडीवर संशोधनासाठी सरकारने १८८९ मध्ये प्रयोगशाळा काढली ती पुण्यात. आल्फ्रेड लिंगार्ड तिचा प्रमुख. पण भरवस्तीत, आजूबाजूला गोठे असताना इतका संसर्गजन्य रोग हाताळणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती प्रयोगशाळा उचलून कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. तिथेच १९२७ च्या सुमारास जे. टी. एडवर्ड्सने शेळ्यांच्या अंगातून पुन्हा पुन्हा नेऊन विषाणू सौम्य केला आणि बुळकांडीची लस दिली. २०११ मध्ये ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. डिस्टेंपर मात्र अजून आहे. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये तर भरपूर.

तर शिबपूर. मी आठवणीतला हवालदार आणि मिल हिल दोन्ही कामाला लावले. मागची छोटी खोली मुडीची केली. खालच्या गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणं नातीचं नित्याचं काम होतं, ते पंधरा दिवस मुलीने केलं, आणि घरात येताना चप्पल बाहेर, हात साबणाने. मुडीच्या वाट्या वेगळ्या. नातीला एक वही दिली आणि चार रकाने आखले: किती वेळा खोकली, किती खाल्लं, डोळे-नाक कसे, झोपेत श्वास किती. झोपलेल्या पिल्लाचे श्वास एक मिनिट मोजायचे. तीसपर्यंत ठीक. चाळीसच्या वर सतत गेले किंवा पोट आत ओढून श्वास घ्यायला लागली तर रात्र असो की पहाट, डॉक्टर.

डॉक्टर दीदी तरुण होत्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी गळ्यावरून हलकेच दाबलं आणि मुडी खोकली. फुफ्फुस ऐकलं, ताप मोजला, डोळ्याच्या पापणीतून कापसाच्या काडीने नमुना घेतला. चाचणीत डिस्टेंपर आला नाही. मी सुटकेचा श्वास टाकला, तर त्या म्हणाल्या, “काकू, एतो ताडाताडी ना.” मला काकू म्हणाल्या हे ऐकून नात हसली. बंगालीत काकू म्हणजे काका, हे मला ठाऊक होतं तरी कानाला गंमत वाटतेच. सुरुवातीला चाचणी चुकू शकते, असं त्यांचं म्हणणं. लस दिल्याचा कागद विकणाऱ्याने दिला होता, पण त्यावर कुपीचं लेबल चिकटवलेलं नव्हतं. म्हणजे लस झाली असं धरायचंच नाही.

माझे प्रश्न मी लिहून नेले होते. कफ सिरप? माणसाचं कोणतंही औषध नाही, पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, एवढ्या जिवाला ते घातक ठरू शकतं. अडुळसा? राहू द्या. वाफ? बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दार लावा आणि दहा मिनिटं तिला मांडीवर घेऊन बसा, भांडं जवळ नको. अँटिबायोटिक लगेच सुरू केलं नाही. भूक आणि ताप बघून ठरवू म्हणाल्या. गळ्यातला पट्टा मात्र त्यांनी स्वतः काढून टेबलावर ठेवला. या छोट्या जातींची श्वासनलिका मऊ असते, काहींची तर वय वाढेल तशी चपटी होत जाते, आणि पट्ट्याची एक ओढ खोकल्याची उबळ आणते. छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. आणि उपाशी ठेवू नका. मोठं कुत्रं एक दिवस न जेवता काढेल, पण किलोभराच्या पिल्लाची साखर काही तासांत उतरते, ते लटपटतं, बेशुद्ध पडतं. दिवसातून चार वेळा थोडं थोडं, कोमट आणि मऊ. उबळ येऊ नये म्हणून खेळ बंद. नऊ आठवड्यांच्या स्पिट्झला खेळू नकोस सांगणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

चौथ्या दिवशी डाव्या डोळ्यात चिकटा दिसला. वहीत नातीने फक्त ‘डोळा’ एवढंच लिहिलं होतं. त्या रात्री मी झोपलो नाही. मिरजेचं अंगण, मोत्याचा जबडा, सगळं परत आलं. सकाळी पुसल्यावर तो पुन्हा आला नाही. ताप नव्हता. सहाव्या दिवशी खोकला अकरावरून पाचवर आला, दहाव्या दिवशी दोनवर. मुलगी म्हणाली, “बाबा, आता झालं की.” मी म्हटलं, अजून नाही. डिस्टेंपरचे झटके बरं वाटल्यावर कित्येक आठवड्यांनीही येतात, हे मी नातीला सांगितलं नव्हतं, मुलीला सांगितलं.

परतीचं तिकीट दोनदा रद्द केलं. चौदाव्या दिवशी खोकल्याच्या रकान्यात शून्य आलं, आणि त्यापुढचे सलग सात दिवसही. मग डॉक्टर दीदींनी लस सुरू केली, कुपीचं लेबल माझ्यासमोर पुस्तिकेत चिकटवलं. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर, कारण आईच्या दुधातून आलेलं संरक्षण लहान वयात लसीला नीट काम करू देत नाही. रेबीजची तीन महिन्यांनंतर. गल्लीत फिरायला नेणं त्यानंतर.

मी आता नागपुरात आहे. खोकला थांबून सात आठवडे झाले. नात रोज वहीच्या पानाचा फोटो पाठवते. कालच्या पानावर खोकला शून्य, श्वास चोवीस, आणि खाल्लं या रकान्यात लिहिलं होतं, ‘भात, अंडं, आबांची राहिलेली डावी चप्पल.’