कपाळाच्या कातडीचं कुळ

तंबाखू आणि सुपारीने गाल पोखरलेला माणूस बडोद्यातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात येतो, तेव्हा सर्जनपुढे दोन कामं असतात. कर्करोग मुळासकट काढायचा, हे पहिलं. त्यानंतर उरलेलं खिंडार भरून त्या माणसाला गिळता यावं, बोलता यावं, चारचौघांत तोंड दाखवता यावं, हे दुसरं. या दुसऱ्या कामाचं कुळ शोधत मागे गेलं की आपण पेशवाईतल्या पुण्यापाशी पोहोचतो.

इंग्रजी कागदांत ‘कावसजी’ म्हणून नोंदलेला एक मराठा शेतकरी 1792च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने त्याला नवं नाक करून दिलं. टॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली.

त्यांनी पाहिलं ते असं. आधी मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून नव्या नाकाचं माप घेतलं. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ आखली आणि तेवढी कातडी सोलून काढली. पण दोन डोळ्यांच्या मध्ये तिचा एक अरुंद देठ तोडला नाही. नाकाच्या जागेवरचा जुना व्रण कापून ताजा केला, कातडी अर्धा पीळ देऊन खाली वळवली आणि तिची कड नव्या चिरेत बसवली. वर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, एकावर एक पाच-सहा. चार दिवस दुसरं काहीही नाही. त्यानंतर तुपात भिजवलेलं कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. साधारण पंचविसाव्या दिवशी देठ कापला.

सगळं शहाणपण त्या देठात आहे. भुवईच्या आतल्या टोकापाशी एक रोहिणी कपाळावर चढते. देठ शाबूत असेतो कातडीला तिचं रक्त मिळत राहतं, आणि तेवढ्या अवधीत नव्या जागेतून नव्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. आजही कपाळावरून नाक करताना देठ साधारण तीन आठवड्यांनी कापतात. त्या वीटकऱ्याचा हिशेब किती पक्का होता, हे यावरून कळतं.

सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची कातडी सांगितली आहे. माप झाडाच्या पानाने घ्यायचं. गालावरून कपाळावर हा पल्ला पुढच्या शतकांत कुणीतरी गाठला. कपाळाची कातडी टणक, नाकाच्या रंगाशी जुळणारी, आणि रक्ताने भरलेली. निवड अचूक होती. निवडणाऱ्याचं नाव मात्र उरलेलं नाही. पुण्याच्या त्या कारागिराचंही नाही. कावसजीचं नाव टिकलं, पाहणाऱ्यांची टिकली, सवाई माधवरावांचं चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीचंही चित्र काढलं. हात चालवणारा निनावी राहिला.

ऑक्टोबर 1794मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिगत छापून आली. ती वाचून सर्जन जोसेफ कार्प्यूने 1814मध्ये लंडनमध्ये तीच रीत वापरली आणि 1816मध्ये दोन रुग्णांचं पुस्तक काढलं. युरोपात या रीतीला ‘भारतीय पद्धत’ हे नाव पडलं.

पुढचं पान काठेवाडातलं आहे. अमरेली प्रांतामुळे बडोद्याच्या गायकवाडांचा अंमल तिथवर पोहोचला होता, आणि शेजारी जुनागढ संस्थान होतं. त्या मुलखात सूडापोटी नाक कापण्याचे प्रकार घडत. जुनागढचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शाह यांनी अशी नाकं पुन्हा घडवली आणि 1889मध्ये शंभर रुग्णांचं वर्णन करणारं पुस्तक इंग्रजीत छापलं. पुण्यात जे काम परक्यांनी लिहून ठेवलं, ते इथे करणाऱ्यानेच लिहिलं. या कुळकथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा क्षण हाच.

विसाव्या शतकात देठाची कल्पना चेहऱ्यावरून खाली उतरली. 1963मध्ये इयन मॅकग्रेगर यांनी कपाळाची कातडी तोंडाच्या आत, कर्करोगाच्या जखमेवर नेली. 1965मध्ये बाकामजियान यांनी छाती-खांद्याची कातडी वापरली. 1979मध्ये स्टीफन आरियन यांनी छातीचा मोठा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट गळ्याच्या कातडीखालून वर आणला. 1989मध्ये डेव्हिड हिडाल्गो यांनी पायातल्या बारीक हाडाचा जबडा केला. इथे देठ पुरता कापला जातो आणि मायक्रोस्कोपखाली मानेतल्या रक्तवाहिनीला जोडला जातो. साधनं बदलली, अट तीच राहिली: कातडी नेताना तिचं रक्त सोबत न्यायचं, नाहीतर ते तिथे जोडून द्यायचं.

भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे. असे गाल आणि जबडे नव्याने घडवण्याचा इतका अनुभव जगात फार थोड्या ठिकाणी साठतो. तो कागदावर उतरला पाहिजे: कुठला फ्लॅप, म्हणजे रक्तासकट नेलेला कातडीचा तुकडा, तगला, कुठला काळा पडला, कुणाला भाकरी चावता आली, कुणाचं तोंड उघडेना. जी शस्त्रक्रिया फसली तिची नोंद तर आधी हवी, कारण पुढच्या सर्जनचा हात तीच सावरते. सर्जनचं संशोधन म्हणजे मुळात हीच सवय. पुण्याच्या कारागिराला लिहिण्याची वाट मोकळी नव्हती. आजच्या सर्जनला ती आहे, आणि त्या निनावी हाताचं ऋण फेडायचं तर याच वाटेने फेडता येईल.